दोन नोंदी

शाळेतून निवृत्त झालो तेव्हापासून मी वंशावळ लिहायला सॉफ्टवेअर शोधतोय. पहिल्यात मराठी जोडाक्षरं फुटायची. दुसऱ्यात सावत्र भावंडांना जागाच नव्हती. तिसरं त्यातल्या त्यात बरं वाटलं, म्हणून नेवाशाची आमची भावकी आणि माझं आजोळ मिळून दीडशे नावं त्यात भरली.

पण दोघांची जन्मतारीख सारखी दिसली की ते अडून बसतं आणि विचारतं, 'या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?' आमच्यात निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा, कारण शाळेत नाव घालताना माझ्यासारख्याच कुठल्यातरी गुरुजींनी तो लिहून टाकलेला. चुलत, आते, मावस, सगळ्यांसाठी 'नाही, नाही' दाबून बोट दुखायला लागलं.

शेवटची जोडी आली. मामाची मुलगी चंद्रकला आणि माझी पत्नी रतन. सॉफ्टवेअरचं पहिल्यांदाच बरोबर होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'रतन' मीच लिहिलं होतं, त्यालाही आता एकेचाळीस वर्षं झाली.

शेजारी मेथी निवडत बसलेल्या बायकोला मी स्क्रीन दाखवली. "अगं, या दोघी एकच का, म्हणून विचारतंय. जोडून टाकतो."

तिनं चष्मा लावला. वरचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं आणि परत मेथी हातात घेतली.

 

"नका जोडू," ती म्हणाली. "ती येगळी हुती."