नाव विचारायचं नाही

ॲपने निकाल दाखवला तेव्हा नववीच्या वर्गात पिशव्या भरायची घाई चालली होती. सगळे चेहरे हिरवे, फक्त एक लाल. लाल चेहऱ्याखाली लिहिलं होतं : 'या विद्यार्थ्याला जगू नये असं वाटतं. त्याला एकटं सोडू नका.'

ऋजुताबाईंनी फोन पटकन पदराखाली घेतला. कोणाला एकटं सोडायचं नाही, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि ते ठाऊक होऊ नये, याची तजवीज त्यांनी स्वतःच केली होती. कशेळ्याच्या पुढच्या या आश्रमशाळेत मुलांना फोन ठेवता येत नाही. त्यामुळे नैराश्य म्हणजे काय हे शिकवणारं, शेवटी चार प्रश्न विचारणारं ते ॲप बाईंच्याच फोनवर चालायचं. गेल्या वर्षी त्यात मुलांची नावं घातली होती. हेडसरांनी निकाल प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला, घटक चाचणीचे गुण वाचतात तसा. ज्या कमळ्याचा चेहरा पिवळा आला होता, त्याला पोरं महिनाभर 'हळद्या' म्हणत होती. म्हणून या खेपेला बाई हट्टाला पेटल्या. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. फोन बाकावरून बाकावर फिरला, ज्याचा चेहरा त्यालाच दिसला आणि बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतकं चोख काम त्यांनी नोकरीत दुसरं केलं नसेल.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. शिमग्याची सुट्टी लागली होती आणि वाड्यांवरून आईबाप पोरांना न्यायला आले होते. वर डोंगरात एकदा पोरं गेली की रेंज नाही, काही नाही.

बाईंनी ॲपमध्ये दिलेल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"विद्यार्थ्याचं नाव सांगता?"

"माहीत नाही."

"मुलगा आहे की मुलगी?"

"तेही माहीत नाही."

"मग त्यांना शेजारी बसवून फोन करा ना, मॅडम."

त्या मुलीवर रागावण्यात काही अर्थ नव्हता. बरोबरच बोलत होती ती.

शरच्चंद्र हेडसर दारात आले. बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. सरांनी तो लांब धरून वाचला. "एकच ना? अहो, कोणीतरी गंमत म्हणून दाबलं असेल. आणि गाड्या खोळंबल्यात. ही माणसं रोजंदारी बुडवून आलीत."

"आणि गंमत नसली तर, सर?"

सरांनी फोन परत दिला. माणूस वाईट नव्हता. "मग काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं, आणि ते खरोखरच विचारत होते.

बाई वर्गापुढे उभ्या राहिल्या. "तुमच्यापैकी एकाला फार वाईट वाटतंय, असं मला कळलंय. मी रागावणार नाही. कोणालाही सांगणार नाही, हेडसरांनासुद्धा नाही. ज्याला तसं वाटतंय त्याने फक्त मला येऊन भेटायचं. मी प्रयोगशाळेत बसते."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाई, बोट घसरलं आसंल कुनाचं," लडकू म्हणाला आणि सगळा वर्ग हसला.

बाई एकेक चेहरा निरखत राहिल्या. पदू गप्प होता, पण तो नेहमीच गप्प असतो. बुधीचे डोळे लाल होते, पण तिला कालपासून सर्दी होती. लडकू सगळ्यांत जास्त हसत होता आणि बाईंना त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली. रोज समोर बसणारी ही पोरं. यांच्या पोटात काय चाललंय, याचा आपल्याला काडीचाही पत्ता नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्याच कळलं.

प्रयोगशाळेत त्या दाराकडे बघत बसल्या. कोणी आलं नाही. पहिली जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तशा त्या उठून धावत फाटकाशी गेल्या. पोरं आत दाटीवाटीने बसली होती, काही मागे लटकली होती. खूप काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच :

"जपून राहा रे."

"हो, बाई!" पोरं एका सुरात ओरडली. पदू त्या जीपमध्ये होता. लडकूही होता. जीप वळणावर दिसेनाशी झाली.

बाई परत येऊन बसल्या. दुसरी जीपही सुरू झाली होती. इतक्यात दारात सावली पडली. प्रिया उभी होती, पिशवी पोटाशी धरून. वर्गात पहिली येणारी, स्नेहसंमेलनात नाचणारी प्रिया. बाहेरून तिचा बाप हाका मारत होता, "प्रिये, चल गं बिगीबिगी!"

बाई ताडकन उठल्या. "प्रिया! तू होतीस का गं बाळा?"

"नाय, बाई. माजा हिरवा हाय."

"मग?"

प्रियाने मागे वळून पाहिलं. तेव्हा बाईंना दिसलं, व्हरांड्यात भिंतीला धरून बुधी उभी होती, तिच्यामागे सोमी, आणि सोमीच्या मागे आणखी कोणीतरी.

"आमचा समद्यांचा हिरवाच हाय," प्रिया म्हणाली. "हिरव्यावाल्यांनी आत आलं तर चालंल का, बाई?"