आधी चाक निखळलं

तुटलेला बोल्ट चाक बसतं त्या हबमध्ये रुतून बसला होता आणि किशोरला तो जसाच्या तसा बाहेर हवा होता.

“ड्रिल मारू देशीन तं पाच मिनिटांत काढतो,” धर्मपाल मिस्त्री म्हणाला.

“नाई. त्याचं तुटलेलं तोंड खराब व्हाले नाई पायजे.”

धर्मपालचं गॅरेज अमरावतीत मोर्शी रोडवर होतं. किशोरची गाडी आज सकाळीच पोलीस ठाण्याच्या आवारातून सुटली होती आणि टोचन लावून थेट तिथे आली होती. पुढचा डावा भाग पार चेपलेला. पाचही बोल्ट तुटून निघालेलं चाक मागे डिकीत टाकलेलं. आठ महिने ऊनपाऊस खाऊन पांढरा रंग मळकट झाला होता. धर्मपालने बोल्टभोवती तेल सोडलं, छिन्नी घेतली आणि काठावर हलके ठोके द्यायला लागला. अशा कामात घाई करणारा शेवटी हबही घालवून बसतो.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत किशोरचे वडील बसले होते. पुंजाजी, वय सत्तर. शेंदूरजनाघाटहून अडीच तास बापलेक एसटीच्या एकाच सीटवर बसून आले, पण एक शब्द बोलले नाहीत. आजचंच नव्हे, आठ महिने पुंजाजी पोराशी बोललेच नव्हते.

आठ महिन्यांपूर्वी किशोर आईला, चतुराबाईला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला आणत होता. पहाटेची वेळ. गाडी एकदम डावीकडे ओढली गेली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. किशोरला खरचटलं. चतुराबाई जागीच गेली. कठड्यावर आदळल्यामुळे चाक तुटलं, असं पंचनाम्यात आलं. मग पोराला डुलकी लागली असणार, हे गावाने ओट्यावर बसून ठरवून टाकलं. गावाला ठरवायला असा कितीसा वेळ लागतो. किशोर जीव तोडून सांगत राहिला, की आधी चाक निखळलं, मग गाडी गेली. पाव्हण्यांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, बापाला तर रोज सांगितलं. पुंजाजी ऐकायचे आणि ताटावरून उठून जायचे.

ज्याने विश्वास ठेवायचा तोच तोंड फिरवतो, हे किशोरला आतून खात होतं. एकदा गाडी सुटली, की तो बोल्ट काढायचा आणि बापाच्या पुढ्यात ठेवायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने कळ काढली होती. आज गॅरेजला जातो म्हणताच पुंजाजी काही न विचारता चपला घालून सोबत निघाले. आपला खोटेपणा उघडा पडताना पाहायला येतात, असं किशोरला वाटलं.

तासाभराने बोल्ट हलला. मग तो बोटांनीच फिरत बाहेर आला. धर्मपालने पुसून उजेडात धरला.

“तू खरा हायेस, भाऊ,” तो हळू आवाजात म्हणाला. “हे पाय. अर्धं तोंड गुळगुळीत. इथून हा लय दिवसांपासून चिरत होता. अन् हे खडबडीत, हे त्या दिवशी तुटलं. चाक आधीच गेलं.”

इतकं हलकं किशोरला आई गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. त्याने बोल्ट घ्यायला हात पुढे केला. धर्मपाल मात्र तो अजून फिरवून फिरवून बघत होता.

“पण ढिला नोता हा. आटे पाय कसे ताणले. कोणीतरी पान्यावर चढून आवळत होतं. एकदा नाई, घडीघडी. माणसाले वाटते घट्ट म्हंजे चांगलं. बोल्ट मरते त्यानं.”

किशोरचा हात तसाच राहिला. गाडी गावाबाहेर जायची म्हटली, की पुंजाजी आधी पाना घेऊन हजर. पोराच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. एकेका बोल्टला पाना लावायचा, टपाला धरून त्याच्यावर दोन्ही पायांनी उभं राहायचं आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबायचं. चतुराबाई हसून म्हणायची, “उतरा आता, पडसान.” त्या पहाटेही ते पाचही बोल्टांवर चढले होते. बायको जाणार होती, म्हणून जरा जास्तच.

किशोरने बोल्ट घेतला आणि मूठ मिटली.

“काकाजीले दाखवत नाईस काय?” धर्मपालने विचारलं.

पुंजाजी खुर्चीतून उठून केव्हा जवळ आले, दोघांनाही कळलं नाही. ते किशोरकडे पाहत नव्हते. बोल्ट निघालेल्या भोकाकडे पाहत होते.

“ढिले रायले होते ना?” आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते पोराशी बोलले. “म्याच कसले होते. तू रोज म्हणे, आधी चाक निखळलं, आधी चाक निखळलं. माह्याच्यानं ऐकवत नोतं. अजून एकदा चढाले पायजे होतं मी. अजून एकदा चढलो असतो तं ते वाचली असती.”

किशोरला त्या क्षणी सगळं उमगलं. तो रोज आपली बाजू मांडत होता आणि बाप रोज त्यात स्वतःवरचा आरोप ऐकत होता. इतके दिवस हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याची त्याला लाज वाटली.

धर्मपाल काहीतरी बोलणार होता. किशोरने त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो मान खाली घालून छिन्नी पुसायला लागला.

“नाई बाबा, ढिले नोते,” किशोर म्हणाला. एवढं खरं होतं. मग त्याने मूठ खिशात घातली आणि पुढचंही बोलला.

“म्या खोटं सांगत होतो. मले झोप लागली होती.”