धक्क्यावरचं रडणं

होडी धक्क्याला लागली, सकुबाईनं पाय खाली ठेवला आणि समोरच्या बायका रडायला लागल्या.

दोन-चार टिपं नाहीत. चांगलं सूर धरून. पुढची म्हातारी हात पसरून आली, तिनं सकुबाईच्या गळ्यात गळा घातला आणि हेल काढला. सकुबाईच्या काखेतलं नाचणीच्या पापडांचं गाठोडं कडकड मोडलं.

म्हातारीच्या खांद्यावरून सकुबाईनं धक्का न्याहाळला. नारळी, पालथ्या घातलेल्या होड्या, रडणाऱ्या बायका. अमोल नव्हता.

"नमे, तुझा दादा कुठंय गो?"

"येतो बोललेला घ्यायला." नम्रतानं पुन्हा फोन लावून पाहिला. जहाजात बसल्यापासून, तीन दिवस, तो लागतच नव्हता. "आये, या बाया का रडतात?"

हे काय विचारायचं झालं? घरात कुणी गेलं आणि गावाकडच्या उंबरमाळीच्या हॉल्टवर गाडीतून उतरून सोयरे दारात आले, की आतल्या बायका अशाच उठतात, असाच गळा धरतात, असाच सूर लावतात. पाण्याचा तांब्या नंतर. आलेल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. इथली भाषा सकुबाईला कळत नव्हती, पण रडणं कळत होतं. तिचा लेक तीन वर्षं या बेटावर मास्तर होता, आणि सगळं बेट तिच्या गळ्यात पडून रडत होतं.

तिनं धक्क्यावरच बसकण मारली.

"माझ्या सोन्या रेऽऽ! शिमग्याला ये बोल्ले तं सुट्टी नाय बोल्लास रेऽऽ... आता मी आले तं तूच नाय रेऽऽ..."

म्हातारी थबकली. मग सगळ्या जणी तिच्याभोवती बसल्या आणि दुप्पट जोरानं रडू लागल्या. रडता रडता दोघी-तिघी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, कौतुकानं माना डोलवत होत्या. सकुबाईला ते खटकलं. पण तसं काय, आपल्या चुलत जावाही मयताला असंच करतात.

"आये! ए आये!"

अमोल धावत येत होता. घामानं निथळलेला, दोन्ही हातांत शहाळी. "होडी लवकर कशी आली आज? आणि तू कशाला रडतेस गो?"

सकुबाईनं उठून आधी त्याला डोक्यापासून कमरेपर्यंत चाचपलं. मग पाठीत एक धपाटा घातला.

"कोन मेला ते सांग!"

"कोन नाय मेला. लांबचं माणूस भेटलं की इथं रडतात. खुशीनं. रीतच आहे तशी." म्हातारी मधेच काहीतरी बोलली. अमोल हसला. "ही बोलते, अशी गुणी पाहुणी आजवर आली नाय. बाकीचे येतात ते नुसते फोटो काढतात."

म्हातारीनं आणखी काही विचारलं. अमोलनं नकारार्थी मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा तो आईकडे वळला.

"काय बोलते?"

"बोलते, तुमच्यात माणूस भेटल्यावर रडत नाय, तर मग रडता कधी?"

नम्रता खाली बसून पापडांचे तुकडे गोळा करत होती. सकुबाईनं एका हातानं लेकाचं मनगट घट्ट धरलं होतं. दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला. डोळे अजून थांबत नव्हते.

"सांग तिला," ती म्हणाली, "आमी जरा उशिरा रडतो."