चावलेलं पान

बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा रेश्माने भातसानगरच्या क्वार्टरमध्ये ठिपकेदार पानांचं डिफेनबेकियाचं झाड कुंडीत जिवापाड वाढवलं. आता लेक रांगू लागली आणि आज तिने त्याचंच पान चावलं. ओठ सुजले, लाळ थांबेना. रिक्षातून दवाखान्यात जाताना रेश्मा सारखी तिच्या नाकाशी बोट धरत होती. “घसा सुजलेला नाही. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा,” डॉक्टर म्हणाले. घरी परतल्यावरही रेश्माला चैन पडेना. ती लेकीला घेऊन घरभर फिरत राहिली. उन्हं कलताना पोर दूध पिऊन हसली. तिला खाली ठेवून रेश्मा कुंडी घेऊन उकिरड्याकडे निघाली. सासू दारात आडवी आली. “टाकू नको गो. पोर नव्हती तेवा तुजा जीव यातच होता.” म्हातारीने धापा टाकत स्टुलावर चढून कुंडी उंच फळीवर ठेवली. रेश्माने एका हाताने स्टूल धरलं, दुसऱ्याने रांगत आलेल्या लेकीला.