दोन बाटल्या

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि खाली बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना?"

आईने वाकून पाहिलं. पहिल्या अक्षराचं पोट सुटलेलं, शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं. तिचीच होती. गेल्या वर्षी लेकीने महिनाभर समोर बसवून गिरवून घेतली होती. तेव्हापासून लॉन्ड्रीच्या हजेरीवर आईने अंगठा उठवला नव्हता, आणि त्याचा तोरा चांगला आठवडाभर मिरवला होता.

"माझीच."

"मग असं कसं केलंत हो? निवासी शाळेसाठी अख्ख्या शाळेतून तिची एकटीची निवड झाली. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट, थेट कॉलेजपर्यंत. आणि तुम्ही लिहून दिलंत, पाठवायचं नाही म्हणून." बाईंनी चष्मा काढून ठेवला. "काल मुदत संपली. जागा दुसरीला गेली."

आईला तो कागद आठवला. भाजी निवडता निवडता लेकीने वाचून दाखवला होता. मुलींनी नखं कापून यावं, केस नीट बांधावेत, खाली पालकांची सही. एवढ्यासाठी सही कशाला, असं आईने विचारलंही होतं. "शाळेत सगळ्याला लागते," लेक म्हणाली होती. पोरीने ताकास तूर लागू दिली नव्हती.

हे बाईंना सांगावं असं तिला वाटलं नाही. "चुकलं," एवढंच म्हणाली. रडू येईल म्हणून पदर हातात धरला होता, पण ते काही आलं नाही. तिने कागदाची झेरॉक्स मागून घेतली आणि कामावर गेली.

दुपारभर चादरींच्या घड्या घातल्या. कोपऱ्याला कोपरा जुळत होता, हात आपले आपण चालत होते. "आज तोंडाला कुलूप का गं?" चादरीचं दुसरं टोक धरलेली बाई म्हणाली. "काही नाही," म्हणून आईने पुढची चादर ओढली.

घरी लेक कणीक मळत होती. धाकटा चटईवर लोळत होता. आईने कागद पुढे केला.

"वाच. आहे तसं वाच."

लेकीने हात पुसले. कागद ओळखला आणि एकही शब्द न गाळता वाचला. माझ्या मुलीला निवासी शाळेत पाठवण्यास माझी संमती नाही. या निर्णयाची जबाबदारी माझी राहील.

"त्याच्याखाली?"

"तुझी सही."

"ती येते मला वाचता." आई भिंतीला टेकून बसली. "का गं असं केलंस?"

लेकीने धाकट्याकडे पाहिलं. "मी गेल्यावर त्याची औषधं कोण बघणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. आईलाही आला नाही. धाकट्याच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या, एक डोळ्याची, एक कानाची. आकार तोच, झाकणं तीच. आईने ओळखीसाठी डोळ्याच्या बाटलीला रबर लावलं होतं. खेळता खेळता धाकट्याने ते कानाच्या बाटलीवर चढवलं. लेक तेव्हा शाळेच्या सहलीला गेली होती, आणि आईने रबर बघून कानाचे थेंब डोळ्यात घातले. महिनाभर डोळ्यावर पट्टी होती, आणि अजूनही त्या डोळ्याने त्याला सगळं धुरकट दिसायचं. त्या दिवसापासून आईने औषधाची हाय खाल्ली होती आणि लेक कुठल्याच सहलीला गेली नव्हती.

"ताई, थेंब," धाकटा म्हणाला. तो आपणहून उताणा झाला आणि दोन बोटांनी डोळा उघडून पडून राहिला.

आई उठली. फळीवरून दोन्ही बाटल्या काढल्या आणि लेकीसमोर धरल्या. "यांच्यावरची नावं गिरवून घे माझ्याकडून, सहीसारखी."