पंधरावा आकडा

चौदा आकडे कॅमेऱ्याने निमूट गिळले. पंधराव्यापाशी क्षितिजचा हात थांबला.

कॅमेरा अरविंदकाकांच्या पलंगासमोर स्टुलावर बसवला होता. माणूस पडद्यावरच्या ज्या अक्षराकडे बघेल ते अक्षर टिपायचं, एवढंच त्याचं काम. पण तो बनवणारी परदेशी कंपनी बुडाली होती आणि बुडताना सगळी गुपितं सोबत घेऊन गेली होती. तिचा प्रोग्राम सुरू होताना आधी कंपनीची परवानगी मागायचा. परवानगी द्यायला तिकडे कोणी उरलंच नव्हतं. म्हणून क्षितिज तो कॅमेरा लिनक्सवर, म्हणजे कोणाची परवानगी न मागणाऱ्या खुल्या प्रणालीवर, चालवायच्या खटपटीत होता. त्याला कोणते आकडे पाठवले की तो काय करतो, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. जगभरातली चार-पाच भली, रिकामटेकडी माणसं अंदाजाने शोधत होती. आकडा पाठवायचा, काय होतं ते बघायचं, एकमेकांना कळवायचं. पोलंडमधल्या एकाने पंधरावा आकडा चुकीचा पाठवला आणि घाबरून वायर काढून पुन्हा लावली. त्याचा कॅमेरा आता टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वापरतात.

पोलंडवाल्याकडे दुसरा कॅमेरा होता. इथे हा एकच, तोही कोणाचा तरी वापरलेला, आणि पक्षाघाताचा झटका आल्यापासून आठ महिने काकांचे डोळे सोडून काही हलत नव्हतं.

"मावशी, हा गेला तर कायमचा गेला," क्षितिज म्हणाला. "दुसरा मिळायचा नाही. काकांना विचारल्याशिवाय मी पुढचा आकडा पाठवणार नाही."

"मग विचारू ने. त्यात काय एवढं?" नीरामावशीने नवऱ्याच्या उशाखालची वही काढली.

डोळ्यांवरून काही कळतंय का बघा, असं डॉक्टर सहज म्हणून गेले होते. मावशीने त्याची पद्धत बसवली. प्रश्न विचारायचा आणि दहा मोजायचे. तेवढ्यात पापणी लवली तर हो, नाही लवली तर नाही. उत्तर तारीखवार वहीत. ही दुसरी वही होती. केस अगदी बारीक कापू का? हो. दिवसभर भजनं लावून ठेवू? हो. करजण गावची जागा विकून टाकू? हो. धनाजीराव, म्हणजे मावशीचा भाऊ, मागच्या खोलीत कायमचा राहायला येऊ दे? हो. रेल्वेत असताना काकांच्या टेबलावर गेलेला अर्ज 'नाही' घेऊनच परत यायचा. लग्नाच्या एकतीस वर्षांत त्यांनी एवढे होकार दिले नव्हते. "आजारपणाने निवळलेत हो अगदी," मावशी गोत्री भागातल्या त्यांच्या साऱ्या सोसायटीला सांगायची.

ती नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाकली. "अहो, ऐकताय ना? क्षितिज म्हणतो, मशीन बिघडूही शकतं. पाठवू दे त्याला?"

काकांची बुबुळं भिरभिरली. लॅपटॉपकडे, क्षितिजकडे, पुन्हा लॅपटॉपकडे.

"मावशी, ते घाबरलेत का?"

"छे रे. प्रश्न विचारला की ते असंच करतात. बुबुळांचं मनावर घ्यायचं नाही. आपण पापणी बघायची." ती बोटांवर मोजतच होती. "पाच, सहा... लवली. बघ. हो म्हणाले."

तिने वहीत लिहिलंसुद्धा.

क्षितिजने पंधरावा आकडा पाठवला.

कॅमेऱ्याचा दिवा विझला. मावशीच्या हातातलं पेन थांबलं. भजन चालू होतं, ते तिने बंद केलं. दहा सेकंद गेले. वीस गेले. क्षितिजने वायर काढून पुन्हा लावण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. पोलंडवाल्याने नेमकं तेच केलं होतं. एका माणसाची जीभ आपण आत्ता कापली, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता. आणि त्यालाही वहीत होकार आहे.

मग दिवा लागला. लाल, मिणमिणता, पण लागला. पडद्यावर अक्षरांची चौकट उमटली आणि एक ठिपका काकांच्या नजरेबरोबर धावू लागला.

"आला रे, आला!" मावशी रडायलाच लागली. "आता बघ, आधी माझं नाव लिहितील."

ठिपका 'पा'वर थांबला.

"पाणी! पाणी हवंय त्यांना. सकाळपासून मला वाटतच होतं." ती वाटी-चमचा आणायला उठली.

"मावशी, थांब जरा."

काका घाईत नव्हते. एकेक अक्षर ते नजरेने धरून ठेवत होते, परत कोणी काढून घेईल अशा धास्तीने. मावशी दारातच उभी राहून मोठ्याने वाचत गेली आणि तिचा आवाज शब्दागणिक बारीक होत गेला.

"पापणी आपोआप लवते. मी आठ महिने बुबुळांनी नाही म्हणतोय."