बोडक्यावरचा डबा

प्रत्येक कातळापाशी संदीपला वाटत होतं, आता तरी सोपानकाका मागं फिरतील. पण पन्नाशी उलटलेला हा माणूस साखर कारखान्यातले जाड बूट घालून, कारवीची खुंटं धरत, धापा टाकत वर येतच होता. देवळाली प्रवऱ्याहून राजूरपर्यंत दोघं एसटीनं आले होते. बोडक्या डोंगराला वाट अशी नाहीच. राजूरच्या बाजारात विचारलं की लोक हसतात; तिथं काय ठेवलंय, म्हणतात.

ठेवलेला होता एक डालड्याचा डबा. शहाण्णव साली डोंगरांच्या नादी लागलेल्या चार-पाच पोरांनी तो माथ्यावर तीन धोंड्यांच्या पोटात लपवला होता. जागा कुठं लिहायची नाही, खाणाखुणा तोंडीच पुढच्याला सांगायच्या. नियम एकच: वर पोचेल त्यानं घरची एक वस्तू डब्यात ठेवायची आणि दुसऱ्याची एक उचलून न्यायची. पोरखेळच तो. त्या पोरखेळापायी सोपानकाकांचा मुलगा, संदीपचा जोडीदार सम्राट, गेल्या थंडीत गेला.

शेवटच्या कड्याखाली दोघं-तिघं बसतील एवढी सपाटी आली. सोपानकाका तिथं टेकले. खाली दरी होती. ते तिकडं बघेनात.

"हितंच का?"

"न्हाई काका. दोघं वर जाऊन आलो. उतरताना पाय सटकला त्याचा."

हे संदीपनं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता तो अडखळतही नसे. खरं असं होतं की याच सपाटीवर सम्राटला घेरी आली आणि माथा समोर दिसत असताना संदीपला राहवलं नाही. तू बस, मी जाऊन येतो, म्हणून तो एकटाच वर गेला. डब्याचं झाकण लावतो न लावतो तोच खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. सम्राट बसून राहिला नव्हता. त्याच्या मागोमाग निघाला होता.

सम्राटच्या आईनं, चांगुणाबाईंनी, मयतीच्या दिवशी एवढंच विचारलं, "पोचलं का रे माझं लेकरू वर?" नाही म्हणायला संदीपची जीभ उचलेना. पोचला, म्हणाला. तुमच्या शिलाई मशीनची बॉबिन नेली होती ना, ती त्यानं स्वतःच्या हातानं डब्यात ठेवली, असंही म्हणाला, आणि तिथंच फसला. कारण बाईंना नियम ठाऊक होता. तेव्हापासून दिसला की त्या विचारायच्या, "बॉबिन ठिवली, तर मग उचललं काय रं त्यानं? कुठंय ते?" संदीप काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचा. आणि आता काका म्हणत होते, बॉबिन मला डोळ्यांनी बघायचीय.

त्यालाही उत्तर तयार होतं. डबाच आहे, कुणीही येऊन उचलली असेल. वर चढताना संदीप ते मनात घोकत होता आणि स्वतःचीच किळस येत होती.

माथ्यावर उभं राहवत नव्हतं इतका वारा होता. त्यानं धोंडे सरकवून डबा ओढून काढला. झाकण गंजून घट्ट बसलेलं. सोपानकाकांनी ते एका हिसक्यात उघडलं आणि आतल्या वस्तू रुमालावर मांडल्या. एक कंगवा, काचेची गोटी, कुलपाची किल्ली, तपकिरीची पितळी डबी. बॉबिन नव्हती.

"कुनीतरी उचलली दिसती, काका. नियमच हाय तसा."

"ह्यातलं तुझं कंचं?"

संदीपनं डबीकडं बोट केलं. "आज्याची हाय."

"म्हंजी तू आलाता वर," सोपानकाका म्हणाले.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. बॉबिन होती. एका बाजूनं चेपलेली, हिरवा दोरा अजून गुंडाळलेला.

"दवाखान्यातनं त्याचे कपडे दिले, तवा पँटीच्या खिशात घावली. घरी येऊन बघतो, तर तू त्याच्या आईला सांगून मोकळा. रडत हुती, पन रडता रडता पोचला, पोचला म्हनत हुती. मंग मी कशाला काढू?"

संदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, मी त्याला खाली एकट्याला..."

"गप. ते मला ऐकायचं न्हाई. ऐकलं तर तुला दारात उभं करवायचं न्हाई माझ्यानं."

त्यांनी बॉबिन डब्याच्या तळाशी ठेवली. कंगवा, गोटी, किल्ली वरून घातली. "ठिवली बघ आता," म्हणाले. डबी तेवढी रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

"काका, ती डबी..."

"एक ठिवली की एक उचलायची ना?" त्यांनी झाकण दाबून बसवलं. "तिला सांगतो, सॅकच्या आतल्या कप्प्यात घावली. सम्राटनं वरनं आनली."

संदीप धोंडे परत लावू लागला. एक धोंडा नीट बसेना, तो त्यानं दोनदा काढून लावला. सोपानकाका तोवर उतरायला लागले होते. कड्याच्या तोंडाशी ते थांबले, पण मागं वळले नाहीत.

"रविवारी ये घरी. डबी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठिवलेली असंल, लेकाच्या फोटोपाशी. सम्राटची आई तुझ्या हातात दील. पयल्यांदाच बघतोय असं बघ."